परमा नव्हे, मग काय?

लघवीला जळजळ होण्याच्या त्रासाला आपल्याकडे जुनी नावे आहेत. अंगातले पाणी कमी होऊन लघवी थेंबथेंब आणि आगीसारखी होऊ लागली की ‘उन्हाळी लागली’ असे म्हणतात. शरीरसंबंधातून जडणाऱ्या, पू वाहवणाऱ्या रोगाला ‘परमा’ हा शब्द आहे. आयुर्वेदात ‘मूत्रकृच्छ्र’ आहे आणि चरकसंहितेने त्याचे आठ प्रकार सांगितले आहेत. कारणांविषयीच्या कल्पना काळाप्रमाणे बदलल्या, तरी ही सगळी नावे माणसाला काय होते आहे ते सांगतात. आधुनिक वैद्यकाने मात्र याच त्रासाच्या फार मोठ्या भागाला असे नाव दिले की ज्यातून काय नाही एवढेच कळते. ‘नॉन-गोनोकॉकल युरेथ्रायटिस’ म्हणजे परम्याचा जंतू न सापडलेला मूत्रमार्गदाह. त्यातही दुसरे कोणतेच कारण मिळाले नाही, तर ‘नॉन-स्पेसिफिक’. नकाराने नाव ठेवण्याची ही प्रथा सव्वाशे वर्षांची आहे आणि तिचा इतिहास तपासण्याजोगा आहे. त्या इतिहासातून माझ्या मते एकच गोष्ट पुन:पुन्हा सिद्ध होते. ‘जंतू सापडला नाही’ हे वाक्य तपासणीबद्दल असते, रोग्याबद्दल नसते. वैद्यकाने जेव्हा जेव्हा ते रोग्याबद्दलचे वाक्य म्हणून वाचले, तेव्हा तेव्हा त्याच्या हातून दोनपैकी एक चूक झाली. एक तर रोग्याचे म्हणणे खोटे ठरले, नाही तर न दिसलेल्या जंतूवर औषधांचा मारा झाला.

सूक्ष्मदर्शक हाताशी नव्हता तेव्हा मूत्रमार्गातून येणारा पू हाच पुरावा होता, आणि पू तर सगळा सारखाच दिसतो. लंडनचे शल्यवैद्य जॉन हंटर यांनी 1767 साली परम्याच्या रोग्याचा पू टोचून पाहिला. टोचलेल्या जागी गरमीची, म्हणजे उपदंशाची लक्षणे उमटली. त्यावरून परमा आणि गरमी हा एकच रोग आहे असे त्यांनी ठरवले आणि 1786 च्या ग्रंथात तसे लिहिले. ज्याच्यापासून पू घेतला त्याला दोन्ही रोग असावेत, हा आज उघड वाटणारा खुलासा त्या काळात तपासून पाहण्याचे साधनच नव्हते. एडिनबरोच्या बेंजामिन बेल यांनी 1793 मध्ये हंटरांच्या मताला विरोध केला. पॅरिसच्या फिलिप रिकॉर यांनी असंख्य टोचण्यांच्या आधारे 1838 मध्ये दोन्ही रोग कायमचे वेगळे केले. पण रिकॉरही अर्ध्या वाटेवरच थांबले. परम्याला स्वतःचे असे विष नाही, तो साध्या चिडीतूनही होऊ शकतो, असे त्यांचे मत होते. म्हणजे एका बाजूला सगळा पू एकाच रोगाचा ठरत होता आणि दुसऱ्या बाजूला तो कोणत्याही कारणाचा ठरत होता. दोन्ही पक्ष तितकेच ठाम होते, कारण दोघांकडेही पुरावा सारखाच तोकडा होता.

हा प्रश्न ग्रंथांपुरता राहिला नाही. ब्रिटनमध्ये 1864 पासून सांसर्गिक रोगांचे कायदे झाले आणि 1868 मध्ये तसाच कायदा हिंदुस्थानात आला. वेश्याव्यवसाय करणाऱ्या, किंवा करतात असा संशय असलेल्या, स्त्रियांची नोंद करायची, ठरावीक मुदतीने त्यांची सक्तीने तपासणी करायची आणि रोग ‘दिसला’ तर त्यांना लॉक हॉस्पिटलात, म्हणजे गुप्तरोगांच्या इस्पितळात, कोंडायचे, अशी ती व्यवस्था होती. तपासणी केवळ डोळ्यांनी होत असे. कोणता स्राव परम्याचा आणि कोणता नाही हे त्या काळी कोणालाच सांगता येत नव्हते, तरी त्या नजरेवर बाईचे स्वातंत्र्य अवलंबून होते. तिला रोग देणाऱ्या किंवा तिच्याकडून घेणाऱ्या पुरुषाची तपासणी या कायद्यात नव्हती. पुढे ब्रिटनमध्ये 1886 साली आणि हिंदुस्थानात 1888 साली हे कायदे रद्द झाले. तपासणीचे बळ किती हे न पाहता तिच्या निकालावर माणसांचे भवितव्य ठरवले की काय होते, त्याचा हा सर्वांत कठोर दाखला आहे.

1879 साली ब्रेस्लाऊ येथे, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफमध्ये, अल्बर्ट नायसर या चोवीस वर्षांच्या डॉक्टरने परम्याच्या पुवात जोडीजोडीने बसलेले गोल जंतू पाहिले. काचपट्टीवर पू पसरून, रंग देऊन, नव्या भिंगाखाली पाहिले की परमा ओळखता येऊ लागला. 1885 मध्ये अर्न्स्ट बुम यांनी तो जंतू वाढवूनही दाखवला. वैद्यकाच्या इतिहासातला हा मोठा दिवस होता, यात शंका नाही. पण याच शोधाच्या पोटी आपला नकारार्थी रोग जन्माला आला. एकदा काचपट्टी ‘हो’ म्हणू लागली की ती ‘नाही’ही म्हणू लागते. पू आहे, जळजळ आहे आणि काचपट्टीवर जोडजंतू नाहीत, असे रोगी प्रत्येक दवाखान्यात निघू लागले. विसाव्या शतकाच्या तोंडाशी प्रागच्या लुडविग वेल्श यांनी अशा रोग्यांचे नीट वर्णन केले. संबंधानंतर लक्षणे परम्यापेक्षा उशिरा सुरू होतात, स्राव थोडा आणि पातळ असतो, त्रास सौम्य असतो पण महिनोन्‌महिने हटत नाही, असे ते वर्णन आहे. ते आजच्या डॉक्टरलाही ओळखीचे वाटेल. रोग समोर बसलेला होता आणि त्याचे चित्रही तयार होते. फक्त कारण दिसत नव्हते.

कारण दिसत नसले तरी उपचार थांबले नाहीत. सकाळी उठल्यावर दिसणारा एकच थेंब हे जुनाट मूत्रमार्गदाहाचे लक्षण युरोपभर प्रसिद्ध होते आणि तो थेंब घालवणे हा डॉक्टरांचा एक स्वतंत्र उद्योगच होऊन बसला. पॅरिसच्या झ्यूल झाने यांनी 1890 च्या सुमारास पोटॅशियम परमँगनेटच्या सौम्य द्रावणाने मूत्रमार्ग धुण्याची पद्धत बसवली. परम्यावर दुसरे औषध नसलेल्या त्या काळात तिला अर्थ होता. पण जंतू नसलेल्यांनाही त्याच धुलाया दिल्या गेल्या. सिल्व्हर नायट्रेट सोडले गेले, मूत्रमार्गात धातूच्या सळया घालून तो रुंद केला गेला. नाजूक अस्तर अशा उपायांनी पुन:पुन्हा दुखावले की ते पुन्हा सुजते, जखम भरताना वण राहतो आणि वणाने मार्ग अरुंद होतो. मग जळजळ आणि थेंब दोन्ही कायम राहतात, आणि ते कायम आहेत म्हणून पुन्हा उपचार होतात. किती रोग्यांचा जुनाटपणा रोगाचा होता आणि किती जणांचा उपचारांचा, याचा हिशेब आज लागणार नाही. पण हे चक्र फिरत होते एवढे निश्चित, आणि आज त्याच चक्रात सळईच्या जागी अँटिबायोटिकची पाकिटे आली आहेत.

या कोड्याच्या एका मोठ्या भागाचे उत्तर जावा बेटावर, डोळ्यांच्या रोगात सापडले. नायसर उपदंशाच्या संशोधनासाठी तिथे मोहीम घेऊन गेले होते. 1907 साली त्यांचे सहकारी लुडविग हाल्बरस्टेटर आणि स्टानिस्लाउस फॉन प्रोवाझेक यांनी खुपरीच्या, म्हणजे ट्रॅकोमाच्या, रोग्यांच्या डोळ्यांतील पेशींत बारीक कणांचे पुंजके पाहिले. दोन-तीन वर्षांतच बर्लिन आणि व्हिएन्ना येथील संशोधकांना तसेच पुंजके आणखी तीन ठिकाणी दिसले. डोळे आलेल्या पण परम्याचा जंतू नसलेल्या नवजात बाळांच्या डोळ्यांत, त्यांच्या आयांच्या गर्भाशयमुखात आणि परमा नसलेला मूत्रमार्गदाह झालेल्या पुरुषांत. बाप, आई आणि मूल यांना जोडणारा धागा 1910 च्या सुमारासच हातात आला होता. पण तो जंतू पेशीच्या आतच जगतो आणि त्या काळच्या कोणत्याही जंतूखाद्यावर वाढत नाही. वाढवता येत नाही म्हणून सिद्ध करता येत नाही, आणि सिद्ध करता येत नाही म्हणून मोजता येत नाही. जवळजवळ पन्नास वर्षे धागा तसाच पडून राहिला. त्या पन्नास वर्षांतल्या प्रत्येक रोग्याला ‘जंतू नाही’ असेच सांगितले गेले. वस्तुस्थिती एवढीच होती की जंतूला मानवेल असे खाद्य प्रयोगशाळेला अजून सापडले नव्हते.

दरम्यान ब्रिटनमध्ये 1913 ते 1916 या काळात गुप्तरोगांवर शाही आयोग बसला. त्याचे अध्यक्ष लॉर्ड सिडनहॅम नुकतेच मुंबईच्या गव्हर्नरपदावरून परतले होते. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजला ज्यांचे नाव आहे तेच हे गृहस्थ. आयोगाच्या शिफारशींनंतर मोफत आणि गुप्तता पाळणारे दवाखाने उभे राहिले. कोंडून ठेवण्याच्या जुन्या धोरणापेक्षा ही वाट फार माणुसकीची होती. 1930 च्या दशकात सल्फा औषधे आली, 1940 च्या दशकात पेनिसिलिन आले आणि परमा काही दिवसांत बरा होऊ लागला. त्याबरोबर मागे उरणारे रोगी ठळक दिसू लागले. परमा गेला, काचपट्टी स्वच्छ झाली, पण जळजळ राहिली. इंग्लंड आणि वेल्समधल्या दवाखान्यांनी 1951 पासून परमा नसलेल्या मूत्रमार्गदाहाची वेगळी मोजदाद सुरू केली, तीही सुरुवातीला पुरुषांपुरतीच. ज्या बायकांकडून हा आजार येत होता किंवा ज्यांच्याकडे जात होता त्या आकड्यांत नव्हत्या. ज्याला नावच नकारार्थी आहे, त्याचा जोडीदार मोजायचा तरी कोणत्या रकान्यात?

1957 साली चीनमधल्या तांग फेईफान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुपरीचा जंतू कोंबडीच्या अंड्यात वाढवल्याचे प्रसिद्ध केले आणि वाट मोकळी झाली. 1959 मध्ये लंडनच्या संशोधकांना तोच जंतू डोळे आलेल्या बाळाच्या आईच्या गर्भाशयमुखात मिळाला, आणि 1965 मध्ये तो प्रयोगशाळेतल्या पेशींवर वाढवण्याची सोपी रीत निघाली. विषाणू मानला गेलेला हा जीव खरे तर जिवाणू आहे हेही त्याच दशकात पटले. तोच क्लॅमिडिया. 1975 साली किंग होम्स आणि त्यांच्या सिअॅटलमधील सहकाऱ्यांनी परमा नसलेला मूत्रमार्गदाह झालेल्या 113 पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी 48 जणांत, म्हणजे शंभरात बेचाळिसांत, क्लॅमिडिया निघाला. उघड दाह नसलेल्या 58 पुरुषांत तो फक्त चौघांत होता. मग 1981 मध्ये जोसेफ टली आणि डेव्हिड टेलर-रॉबिन्सन यांच्या गटाने लंडनच्या 13 रोग्यांपैकी दोघांत एक नवा जंतू मिळाल्याचे जाहीर केले. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम हे त्याचे नाव. त्याला पेशीभित्तीच नाही, म्हणून भित्तीवर घाव घालणारे पेनिसिलिन त्याला लागू पडत नाही. तो इतका सावकाश वाढतो की वाढवून ओळखण्याची चाचणी दवाखान्याच्या कामाची नव्हती. 1990 च्या दशकात पीसीआर आल्यावरच तो रोग्यांत शोधता आला आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच्या चाचणीला मान्यता दिली ती 2019 साली. जंतू हाती लागल्यापासून मान्य चाचणी येईपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षे गेली.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ‘नाही’च्या पोटातून दरवेळी नवा जंतू निघाला, तर आज कारण न सापडलेल्या प्रत्येक रोग्यातही जंतूच लपलेला आहे असे का समजू नये? त्याला तो सापडेपर्यंत औषधे का देऊ नयेत? इतिहास याचेही उत्तर देतो, फक्त ते उत्तर विजयकथांत सांगितले जात नाही. 1954 मध्ये मॉरिस शेपर्ड यांनी मूत्रमार्गदाहाच्या रोग्यांत एक अतिसूक्ष्म जंतू शोधला. त्याला पुढे युरियाप्लाझ्मा असे नाव पडले. अनेकांना वाटले की कोडे सुटले. पण तोच जंतू काही त्रास नसलेल्या स्त्रीपुरुषांतही मोठ्या प्रमाणात सापडतो. मेलबर्नमधल्या 2006 सालच्या अभ्यासात 329 रोगी आणि दाह नसलेले 307 पुरुष यांची तुलना झाली. क्लॅमिडिया, मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम, अॅडिनोव्हायरस आणि हर्पीसचा विषाणू यांचा दाहाशी संबंध दिसला, युरियाप्लाझ्माचा दिसला नाही. जंतू सापडणे आणि जंतू कारण असणे या दोन गोष्टी आहेत. त्यांतले अंतर न पाहता दिलेल्या औषधाची किंमतही मोजावी लागते. मूत्रमार्गदाहासाठी सर्रास दिल्या गेलेल्या अॅझिथ्रोमायसिनच्या एका डोसातून मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम पुरता मरत नाही, आणि जे जंतू त्याला दाद देत नाहीत तेच मागे उरतात. आज अनेक देशांत हा जंतू त्या औषधाला जुमानत नाही. अंदाजाने दिलेल्या औषधाने पुढच्या रोग्याचा उपाय हिरावून घेतला.

स्त्रियांच्या बाबतीत हाच धडा आणखी स्वच्छ दिसतो. 1956 मध्ये एडवर्ड कास यांनी लघवीतल्या जंतुसंख्येचे एक प्रमाण सुचवले. एका मिलिलिटरमध्ये एक लाख जंतू असतील तर संसर्ग समजावा. वरवर बऱ्या दिसणाऱ्या माणसांतला खरा संसर्ग ओळखायला हे प्रमाण उपयोगी होते. पण ते जळजळ असलेल्या बायकांनाही लावले गेले, आणि लाखाखाली आकडा आलेल्या बाईच्या त्रासाला ‘युरेथ्रल सिंड्रोम’ म्हटले जाऊ लागले. त्यातल्या कित्येकींना त्रास मनाचा आहे असे सुचवले गेले, कित्येकींचा मूत्रमार्ग सळयांनी ताणला गेला. 1980 साली वॉल्टर स्टॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 59 स्त्रिया तपासल्या. 42 जणींच्या लघवीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या आणि त्यांपैकी 37 जणींना खरोखरीचा संसर्ग निघाला. कोणाला थोड्या संख्येने असलेल्या नेहमीच्या जंतूंचा, कोणाला क्लॅमिडियाचा. म्हणजे त्या बायका खरे बोलत होत्या, चूक एक लाखाच्या रेषेची होती. पण याच गटाने पुढच्या वर्षी डॉक्सिसायक्लिनची तुलना औषध नसलेल्या गोळीशी केली, तेव्हा फायदा झाला तो पांढऱ्या पेशी असलेल्यांना. ज्यांच्यात त्या नव्हत्या त्यांना दोन्ही गोळ्या सारख्याच. दोन्ही वर्षांचे निष्कर्ष एकत्र वाचले पाहिजेत. पहिला ‘तुम्हाला काही झालेले नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरला खोडून काढतो, दुसरा ‘आणखी एक कोर्स घेऊन पाहा’ म्हणणाऱ्याला.

दुसरा आक्षेप आजच्या तंत्राचा आहे. जनुकांवर आधारलेल्या चाचण्या आता इतक्या संवेदनशील आहेत की त्यांनी ‘नाही’ म्हटले म्हणजे नाहीच, असे म्हणता येईल. ज्या जंतूसाठी चाचणी बनवली त्याच्यापुरते हे बरेचसे खरे आहे, आणि नीट घेतलेली चाचणी वारंवार नकार देत असताना क्लॅमिडिया लपला आहे असे धरून बसण्यात अर्थ नाही. पण अशी चाचणी विचारलेल्या नावांनाच उत्तर देते. यादीत मायकोप्लाझ्मा नसेल तर तो सापडणार नाही. ट्रायकोमोनास, अॅडिनोव्हायरस, हर्पीस यांचेही तेच. शिवाय एक जुना प्रश्न आजही तितकाच मोलाचा आहे: दाह खरोखर आहे का? काचपट्टीवर एका क्षेत्रात पाच पांढऱ्या पेशी ही कित्येक वर्षांची मर्यादा होती, 2015 मध्ये अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचनांनी ती दोनवर आणली. म्हणजे दाहाची सीमाही निसर्गाने आखून दिलेली नाही, माणसांनी पुराव्यावरून आखली आणि पुराव्यावरूनच हलवली. महागड्या यादीतले आणखी दहा जंतू तपासण्याआधी स्वस्त काचपट्टी पाहणे अनेकदा जास्त सांगून जाते.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना आहे आणि रोग्याला सर्वांत जास्त लागतो. जंतू नाही, पांढऱ्या पेशीही नाहीत, मग हे मनाचेच खेळ नव्हेत का? प्रोस्टेटच्या आजारांनी याच प्रश्नातून वाट काढली आहे. 1968 मध्ये एडविन मीअर्स आणि थॉमस स्टेमी यांनी मूत्रमार्ग, मूत्राशय आणि प्रोस्टेट यांचे नमुने वेगवेगळे घेऊन तपासण्याची रीत दिली. त्यातून कळले की ‘जुनाट प्रोस्टेटायटिस’ म्हणून औषधे घेणाऱ्या बहुतेकांत जंतू नसतातच. तरीही 1995 मध्ये अमेरिकेच्या आरोग्य संशोधन संस्थेने नवी वर्गवारी केली तेव्हा या लोकांना यादीतून काढून टाकले नाही. जुनाट ओटीपोट-वेदना असे त्यांच्या त्रासाचेच नाव ठेवले. वेदनेला जंतू लागतोच असे नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले राहिले, किंवा एकदा झालेल्या संसर्गानंतर मज्जातंतू अतिसंवेदनशील झाले, तर दाह संपल्यावरही मूत्रमार्गात जळजळ जाणवू शकते. काळजीने ती वाढते हे खरे. पण काळजीने वाढणारी वेदना खोटी नसते, दमाही काळजीने वाढतो. अशा रोग्याला स्नायू सैल करण्याचे व्यायाम, वेदनेवरचे उपचार आणि नीट समजावून सांगणे यांचा उपयोग होतो. चौथ्या अँटिबायोटिकचा होत नाही.

या दीडशे वर्षांत बदलल्या त्या तपासण्या. रोग्याचे वाक्य जवळजवळ तेच राहिले: जळजळ होते आहे. वेल्श यांच्या रोग्यांतल्या कोणाला क्लॅमिडिया असेल, कोणाला मायकोप्लाझ्मा, कोणाला सळईने झालेली जखम, कोणाला यांपैकी काहीच नाही. ते सगळे एका नकारार्थी नावाखाली एकत्र बसले होते, आणि प्रत्येक शोधाने त्यांच्यातल्या काही जणांना उठवून स्वतःचे नाव दिले. आजही त्या बाकावर माणसे बसलेली आहेत. त्यांना देण्यासारखे प्रामाणिक उत्तर वैद्यकाजवळ आहे. अमुक जंतू शोधले, ते नाहीत. अमुक शोधले नाहीत, ते शोधायचे की नाही हे दाह आहे की नाही यावर ठरेल. आणि दाह नसेल तर तुमच्या वेदनेवर उपचार आहेत, ते वेगळे आहेत. हे उत्तर लांब आहे, पण त्यात कोणावर अविश्वास नाही आणि कोणाच्या शरीरावर आंधळा प्रयोगही नाही. ‘उन्हाळी लागली’ म्हणणाऱ्यांना लघवीतले जंतू माहीत नव्हते, पण त्यांनी त्रासाला त्रासाचे नाव दिले होते. कारण सापडेपर्यंत, आणि ते कधीच सापडले नाही तरीही, उपचाराची सुरुवात तिथूनच करावी लागते.